लाल्ला तुदाचं बूट-कोटांचं दुकान

इमलिल गावात खेचरं बांधतात त्या जागेसमोर लाल्ला तुदाचं दुकान होतं. लाल्ला म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई'. तुबकालच्या डोंगरावर जाणाऱ्यांना ती बूट, जाड कोट, बुटाखाली बांधायचे बर्फाचे काटे भाड्यानं द्यायची. मी शेजारी चहा विकायचो.

दुकानाआधी तिला नवरा होता. हम्माद. ओझेवाला. एका मार्चमध्ये त्याला खिंडीत वादळानं गाठलं. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा पायात प्लास्टिकच्या चपला होत्या आणि पाठीवरच्या गोणीत फ्रेंच पाहुण्यांचे पिसं भरलेले चार कोट. गोणीची गाठ जशीच्या तशी. मयताला आलेले लोक त्याच्या इमानदारीचं कौतुक करत होते. तुदा एवढंच म्हणाली, "गाठ सोडायला काय झालं होतं याला?"

वर्षभरात तिनं दुकान मांडलं. परतणाऱ्या गिर्यारोहकांकडून जुनं सामान घ्यायचं, उसवलेलं शिवायचं, बुटांना मेण चोळायचं. पाहुण्यांकडून भाडं घ्यायची, ओझेवाल्यांना फुकट द्यायची. कुणी लाजला तर म्हणायची, "लाजतोस काय? तुझ्या आईला बोलावू?"

बिही नावाचा एक ओझेवाला मात्र ऐटबाज होता. तिनं पुढे केलेला गुलाबी कोट त्यानं हसून परत केला. "लाल्ला, हा घालून गेलो तर खेचरंसुद्धा हसतील मला."

"हसू देत. तू घाल."

तो तसाच गेला. वर बर्फ सुरू झालं, पाहुणे पुढे निघून गेले. बिहीनं गोणी उघडली, त्यांच्यातल्या एकाचा कोट अंगात घातला आणि जिवंत खाली आला. पायाची दोन बोटं गेली. ज्याचा कोट होता त्यानं तक्रार केली, आणि ओझेवाल्यांच्या मुकादमानं माझ्या चहाच्या टपरीसमोरच सुनावलं, "पाहुण्याच्या गोणीला हात लावणाऱ्याला इथं काम नाही."

तुदा हातातली बूट शिवायची आरी तशीच घेऊन बाहेर आली. "माझ्या नवऱ्यानं नाही लावला हात. त्याला खांदा द्यायला तूच पुढे होतास ना? याच्याही मयताला यायचं होतं का तुला?"

 मुकादम हळूच म्हणाला, "तुझं खरं आहे, लाल्ला. पण पाहुणे उद्या दुसऱ्या गावचे ओझेवाले घेतील. इथली चाळीस घरं काय खातील, ते तू सांग."

काम गेलं ते गेलंच. बिही लंगडत कासाब्लांकाच्या बसमध्ये चढला, तेव्हा ती दुकानाच्या दारात उभी होती. नंतर मला म्हणाली, "मीच तो कोट त्याच्या अंगात कोंबायला हवा होता. रंगावरून वाद काय घालत बसले."

पुढे पाहुणे मोठ्या शहरांतल्या दुकानांतून नवंकोरं सामान घेऊनच यायला लागले. भाडं थांबलं, तरी ओझेवाल्यांसाठी ती शिवत राहिली. मग डोळे अधू झाले. शिवण वाकडी पडायला लागली. आपण दुरुस्त केलेला पट्टा वर तुटला तर, या धास्तीनं तिची झोप उडाली. एका शरदात तिनं सगळं वाटून टाकलं आणि दार ओढून घेतलं.

आता तिथं गालिचे विकतात. तुदा खाली असनी गावात लेकीकडे असते. गेल्या हिवाळ्यात भेटायला गेलो, तर तिनं विचारलं, "बिहीचं काही कळलं?"

नाही म्हणालो. तिनं माझ्या पेल्यात चहा ओतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.