गप्प पडलेला आवाज

अंध मुलींच्या शाळेत त्यांना सगळे दुरुस्तीदादा म्हणत. नळ गळो, घंटा अडो, हाक त्यांनाच. घरी एकटा जीव. बहीण दूरगावी, रविवारी फोन करायची, तोही धावता.

एका वर्षी कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले चौदा कॉम्प्युटर शाळेच्या गळ्यात पडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज यात नाहीच. मुलींना काय उपयोग? ठेवून द्या अडगळीत."

दादांनी ते ठेवले नाहीत. लिनक्स नावाची, कुणीही घ्यावी आणि कुणीही सुधारावी अशी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली असते, तिच्यात वाचून दाखवणारा आवाजही असतो, एवढं त्यांनी वाचलं होतं. सुट्टीत शाळा ओस पडली तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन ते एकेका यंत्राला भिडले. प्रणाली चढली, पण आवाज काही फुटेना. सोळा दिवस नुसती डोकेफोड. सतराव्या दिवशी पहिलं यंत्र खरखरत बोललं, "मुख्य पडदा." दादा दचकलेच. रविवारच्या फोननंतर त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

पुढे दर अपडेटनंतर ते पडदे बंद करून, डोळे मिटून चौदाही यंत्रं चालवून बघत. गणिताच्या बाई स्वतः अंध. त्या एकदा म्हणाल्या, "दादा, तुमची ही बया वाक्य संपलं तरी श्वास घेत नाही हो! उदाहरण कुठे संपलं आणि प्रश्न कुठे सुरू झाला, कळेल तर शपथ."

दादांनी महिनाभर खपून तो थांबा बसवला आणि ही प्रणाली सांभाळणाऱ्या परक्या मंडळींकडे पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: आभार, तुमच्या भाषेचा आवाज सांभाळणारे गृहस्थ सोडून गेलेत, तुम्ही बघाल का?

दादांनी नऊ वर्षं ते काम पाहिलं. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. बाई निवृत्त झाल्या, मग विचारणारंही कुणी उरलं नाही. आपण केलेलं कुठे जातं, कोण ऐकतं, काही कळायचं नाही. विहिरीत बोलल्यासारखं वाटायचं, आणि विहीर साधा प्रतिसादही देत नव्हती.

एका सोमवारी त्यांच्या हातून चूक झाली. बदल पाठवताना एक ओळ उलटी पडली आणि जिथे जिथे तो अपडेट पोचला, तिथला आवाज बंद झाला. मंगळवारी सकाळी बघतात तर त्रेसष्ट पत्रं! कुणी मोबाइलवरून झाडलं होतं, कुणी शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. "माझी परीक्षा आहे उद्या." "कोण बेजबाबदार माणूस हे बघतो?"

दादा एकेक पत्र उघडत गेले. वाचता वाचता त्यांच्या मनात आलं, इतकी माणसं होती तर!

त्यांनी घाईघाईने ओळ सुधारून पाठवली. तेवढ्यात फोन वाजला. गणिताच्या बाई.

"दादा, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरची ती बया बोलत नाहीये हो. कालपासून घर कसं खायला उठलंय."

"बाई, चूक माझी आहे."

"असू दे. काय दाबू ते सांगा."

दादा एकेक अक्षर सांगत गेले, बाई मुकाट यंत्रावर ते दाबत गेल्या. शेवटी पलीकडून खरखर आली, "मुख्य पडदा."

"आली बाई एकदाची!" बाई हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच होतात? आणि बोलला नाहीत कधी?"

"कुणी विचारलं नाही, बाई."

 "ठेवते हं," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दादांनी पहिलं पत्र पुन्हा उघडलं आणि उत्तर लिहायला घेतलं. शिव्या देणाऱ्यांनाही त्यांनी नीट समजावून लिहिलं, शेवटी स्वतःचा फोन नंबर दिला. शाळा सुटली, मुली ओळीने फाटकाबाहेर गेल्या. दादांची अजून बावीस उत्तरं राहिली होती.