न विचारता छापलेलं नाव

मुरुडच्या अख्ख्या बाजारात माझ्या मैत्रिणीच्या आईइतकी विचारणारी बाई दुसरी नाही! मासळी विकते, आवाज बंदरापर्यंत जातो, पण नातवाचा पापा घ्यायचा तर त्याच्यापुढे उकिडवी बसून आधी विचारणार, "घेऊ का रं?" तो 'नको' म्हणाला की गुमान उठून कोलंबी सोलायला जाणार. लेकीच्या मोबाइलला हात लावणार नाही, लेकाच्या खोलीचा पडदासुद्धा बाहेरून हाक मारून मगच सरकवणार. आपल्याकडे आया मुलींना जपून राहायला शिकवतात आणि मुलग्यांना नुसतं जेवायला वाढतात. हिने मुलीला 'नाही' म्हणायला शिकवलं आणि मुलाला ते ऐकायला!

लेकाची परीक्षाही झाली. नागावच्या एका मुलीने त्याला स्वच्छ सांगितलं, आता पुरे, फोन करू नकोस. तर हा पठ्ठ्या केक घेऊन तिच्या दारात उभा राहायला निघाला. मी तिथेच होते, माझं भाषण अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ही मासळीच्या पाटीसकट मोटारसायकलवर त्याच्या मागे बसली. "चल. तिच्या आईला सांगते, पोरगा धडधाकट हाय, फक्त ऐकू येत न्हाय."

"आये, उतर ना! माझं प्रेम हाय तिच्यावर."

"आसंल. तिचं न्हाय ना? मंग?"

त्याने गाडी सुरू केलीच नाही. तो पायरीवर बसून रडायला लागला, तेव्हा हिने विचारलं, "जवळ घेऊ का रं?" त्याने होकाराची मान हलवली.

मी तर पेटलेच! अशी बाई गावात असताना आम्ही संस्थेतल्या बायका संमतीवरची नुसती पत्रकं काय वाटतो? त्याच आठवड्यात पालकांच्या सभेचं पत्रक छापलं, प्रमुख वक्त्या म्हणून तिचं नाव ठळक अक्षरांत, आणि गठ्ठा घेऊन धावतच बाजारात गेले. तिने ते लेकीकडून वाचून घेतलं.

"मला कवा इचारलंस गो?"

"मावशी, चांगल्या कामासाठीच छापलंय."

"चांगल्या कामासाठीच छापत्यात. माझ्या लग्नाची पत्रिका पन अशीच छापून आली, तवा मला कळलं माझं लगीन हाय."

गावभर संमती शिकवत फिरणारी मी, आणि हिलाच विचारलं नव्हतं! शेवटी विचारलं, "मावशी, बोलशील का सभेत?"

"न्हाय," ती म्हणाली आणि सुरमई कापायला घेतली.

तिथेच बसून मी एकेका पत्रकावरचं तिचं नाव पेनाने खोडलं. सभेत मीच बोलले, टाळ्याही पडल्या. तिचं बोलणं चार लोकांनी ऐकावं असं अजून फार वाटतं. पुन्हा विचारलेलं मात्र नाही. बाजारात गेले की तिच्यापाशी जरा जास्त वेळ रेंगाळते, इतकंच.