नमुन्याचा रुपया

१९५६, भाऊबीजेनंतरचा रविवार. जागा चिंचवड, मास्तरांची ओसरी. हजर तिघे: शाळेतले मास्तर, चाकणच्या कांद्याच्या अडतीवरचे दिवाणजी आणि पिंपरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा मी. आत स्वयंपाकघरात मास्तरांच्या आई.

तिघांनाही जुन्या नाण्यांचा नाद. प्रतवारीवरून वाद नकोत म्हणून आम्ही नियम केला होता. प्रत्येक प्रतीचा एक नमुना मास्तरांकडे ठेवायचा, नवे नाणे त्याच्याशेजारी मांडायचे, नमुन्याहून फिके दिसले की एक प्रत खाली. पुण्याच्या प्रदर्शनाला फक्त पहिली प्रत पाठवायची.

दिवाणजींनी त्या दिवशी वडिलांचा राणी छाप रुपया आणला. तो प्रदर्शनात लागावा एवढीच त्यांची इच्छा. राणीच्या केसांची रेघ न् रेघ शाबूत होती, पण अंगावर करडी छटा. शेजारचा नमुना लखलखत होता.

"दुसरी प्रत," मास्तर म्हणाले.

"अहो, केस बघा की राव! तुमच्या राणीला तर टक्कल पडाय लागलंय."

"नियम म्हणजे नियम, दिवाणजी."

"बरं. ऱ्हाऊ द्या." रुपया रुमालात बांधून ते चहा न घेताच निघाले.

मागोमाग आई चहा घेऊन आल्या. "गेले होय ते? आणि हा बघा कसा लख्ख केलाय! लक्ष्मीपुढे मांडायचा म्हणून रांगोळीनं घासला. नुसता काळवंडला होता मेला."

"आई, तो नमुना होता!"

"मग? नमुना काय घाणेरडा ठेवायचा?"

भिंगाखाली पाहिले. चकाकी आली होती, रेघा गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी सांगू, असे ठरले. दिवाणजी आले नाहीत. मग चाकणहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून कळले की त्यांनी तो रुपया सोनाराला देऊन लेकीच्या जोडव्यांत आटवला. दुसऱ्या प्रतीचाच होता, ठेवून काय करायचा, असे म्हणाले म्हणे.

नियम आम्ही लगेच बदलला. आता आधी झीज पाहायची, चकाकी शेवटी. नवा नमुनाही मिळाला. दिवाणजींचा रुपया पहिल्या प्रतीचा होता, हे मात्र चाकणला जाऊन त्यांना सांगायचे आहे. मास्तर म्हणतात, तुम्ही जा. मी म्हणतो, दोघे जाऊ. रुपयाच उरलेला नसताना हे ऐकून त्यांना बरे वाटेल की आणखी वाईट, ते ठरत नाही. अजून कोणी गेलेले नाही.