पाठ न उसवता

कानबाई देवीच्या विसर्जनाला मी फुगडी घातली नाही तर आमच्या भावकीला सण झाल्यासारखा वाटत नाही. सुरतेच्या उधन्यातल्या सगळ्या खानदेशी बायका श्रावणातल्या त्या सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन निघतात आणि पुढे मी, तोंडाने ढोल वाजवत, पदर खोचून! त्या वर्षीही गिरकी घेतली आणि माझा डावा स्तन सरकत सरकत थेट काखेत जाऊन बसला.

खरा नव्हता म्हणा. खरा कॅन्सरने नेला होता. डॉक्टरांनी कातडी वाचवून आत एक पिशवी ठेवली होती, पुढे कायमची बसवायची म्हणून. पण रेडिएशनचे शेक चालू होते तोवर ती रिकामीच. मग मी ब्लाउज शिवणारी बाई, चिंध्या भरून झकास पॅड शिवला. फक्त फुगडीचा हिशेब त्यात धरला नव्हता.

धाकटी जाऊ धावत आली. पदर माझ्या अंगावर टाकून कानात म्हणाली, "अक्का, हालू नको. मी शे ना." आणि मोठ्याने ओरडली, "अक्काले चक्कर उनी!" मीही लगेच डोळे फिरवले. बायकांनी पाणी शिंपडलं, कांदा हुंगवला. घरी येऊन आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता मी कधी रडायला लागले ते जावेलाच आधी कळलं.

शेक संपून जखम नीट बसली तशी मी यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सुरती, मराठीत गुजराती कालवून बोलणारे. म्हणाले, "बेन, कायमची पिशवी बसवू. पण शेक दिलेली कातडी नाजूक. तिला आतून अस्तर पाहिजे. पाठीतला स्नायू पुढे आणावा लागेल."

अस्तर मला कळतं. पण पाठ? दिवसभर मशीनवर वाकायचं ते पाठीच्या जोरावर. शिवाय, लाजत नाही, नवरात्रात माझी उघड्या पाठीची चोळी बघून गल्लीतल्या पोरी तसाच गळा शिवायला टाकतात. पुढचं नीट करायला पाठ उसवायची असेल तर मला काही नको, असं मी सांगून टाकलं.

"पाठीवर लांब चीर पडायची, ती जुनी पद्धत," डॉक्टर म्हणाले. "आता रोबोट आहे. जुन्या चिरेतून आणि काखेखालच्या छोट्या भोकांतून काम होतं. मी बाजूला टेबलाशी बसून मशीनचे हात चालवतो."

हे ऐकून आमचे हे ताठ झाले. लूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. तिथे एक कारागीर आठ मशिनी सांभाळतो. इकडे धागा तुटतो तेव्हा तो तिकडे असतो आणि कापडाला डाग पडतो.

"साहेब," यांनी खाकरून विचारलं, "तुम्ही एका वेळी किती पेशंट चालवता?"

डॉक्टरांना आधी समजेना. मी पदर तोंडात कोंबला.

"एक ज, भाई!"

"आणि तुम्ही टेबलाशी, तर मशीनजवळ कोण?"

"दुसऱ्या डॉक्टर. पूर्ण वेळ बेनजवळ उभ्या."

"मग ठीक," हे म्हणाले. "मशीनजवळ माणूस पाहिजे."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या होणार नाहीत, नव्या बाजूला स्पर्श फारसा कळणार नाही, हात काही महिने जपावा लागेल, मग शिलाई मशीनवर बसता येईल. मी म्हटलं, "साहेब, गल्लीतल्या सगळ्यांची मापं माझ्याकडे आहेत. दोन्हीकडे सारखी अशी एक बाई दाखवा!"

ऑपरेशननंतर पाठ ठणकली, कुशीतल्या नळीने जीव खाल्ला. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम करताना मी आजवर शिकलेल्या सगळ्या शिव्या उजळल्या. हे शेजारी उभे राहून "अजून थोडं वर" म्हणायचे, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच त्यांना लागल्या.

पट्ट्या निघाल्या तेव्हा जावेने मोबाईलवर माझ्या पाठीचा फोटो काढला. मी डोळे मिटूनच म्हटलं, "सांग, कुठवर फाटलीय?"

"काही नाही व माय. काखेखाली बारीक टिपा शेतस, बस."

मी डोळे उघडले. पाठ माझीच होती, जशीच्या तशी. त्या दिवशी मी मनात ज्यांचे पाय धरले त्यात डॉक्टर होते, मशीनजवळ उभ्या राहिलेल्या त्या बाई होत्या, आणि आठ मशिनींची धास्ती घेतलेले आमचे हेही होते.

पुढच्या श्रावणात कानबाई निघाली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तरी जाऊ माझ्यामागे पदर हातात धरून तयारीत उभी. मी गिरकी घेतली. मग दुसरी. काही हललं नाही.

"आते सोड तो पदर," मी ओरडले, "आणि हात दे!"

तिने पदर कमरेला खोचला आणि माझे दोन्ही हात धरले.