कम्प्युटरातला जिना

सर्व लहानथोरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, प्राध्यापक मल्हारी बंडगर एका जागी स्वस्थ पडून आहेत. ही बातमी वहिनींनी फोनवर दिली, तेव्हा मी ती साफ नाकारली. लहानपणापासूनच्या दोस्तीत मल्ल्याला मी कप रिकामा होईपर्यंतसुद्धा बसलेला पाहिला नव्हता. आळंदच्या बसस्टँडवर उभ्या-उभ्याच छातीत कळ आली आणि गेला म्हणे. उभ्या-उभ्या… तेवढं तरी त्याच्या मनासारखं झालं. त्याला दीड महिना होत आला. मी खुर्चीत बसून हे लिहितोय, पण पाय काही थाऱ्यावर नाहीत. ही त्याचीच लागण.

आम्ही दोघं खजुरीचे. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, त्याच्या बापाची मेंढरं. मी बसून वाढलो, तो चालून. पुढं दोघंही सीमाभागातल्या एकाच विद्यापीठात शिकवायला लागलो. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. मी मराठीचा, तो समाजशास्त्राचा. त्याचा विभाग तळमजल्यावर, पण तो सापडायचा जिन्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा आणि विचारायचा, “काय चालू हाय?” नवखा माणूस बिचारा तब्येत सांगायचा, पोराच्या नोकरीचं सांगायचा. मल्ल्याला ते नको असायचं. संशोधन कशावर चाललंय, कुठल्या गावात, कुठवर आलंय, ते सांगा! माझ्याकडं बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी मागच्या दारानं ये-जा करायचो.

सुनंदा ही त्याची विद्यार्थिनी, तीसुद्धा खजुरीचीच. त्या वर्षांत आमच्याकडची गावं भराभर रिकामी होत होती. कोणी पुण्याच्या कंपनीत, कोणी हैदराबादला बांधकामावर. कुठल्या घरातून कोण गेलं आणि मागं कोण राहिलं, हा तिच्या पीएचडीचा विषय. दोन-तीन वर्षं पोरगी बसमधून गावोगाव हिंडत होती. बापानं दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली, त्यानंतर लग्न. अशात एकदा मल्ल्या तिला घेऊन औरादकडं, चिंताकीला निघाला. मीही गेलो; तिथं भाकरी आणि शेंगाची चटणी चांगली मिळते, हे माझं संशोधन. लक्ष्मीअक्का म्हणून एक म्हातारी मेंढरामागनं नुकतीच आली होती. सुनंदानं पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. तिसऱ्याला अक्कानं हात वर केला.

“कामून परत इचारायलीस, पोरी? मागच्या साली सगळं सांगितलं की मी. तुमच्याच शाळेतली पोरगी आल्ती. तिलाच इचार न्हवं.”

चौकशी केली तेव्हा कळलं, ती नसरीन. वरच्या मजल्यावरच्या भूगोल विभागातली. विषय तोच, तालुके तेच, काही घरंसुद्धा तीच, आणि तिचं लिखाण संपत आलेलं. विद्यापीठ काही एकाच विषयाला दोनदा पीएचडी देणार नव्हतं. दोघींच्या मधे एक जिना, आणि त्या जिन्यात अख्ख्या विद्यापीठाची उलटतपासणी घेणारा हा बहाद्दर! त्याला पत्ता कसा लागला नाही? तर नसरीनही माझ्यासारखीच मागच्या दारानं जायची. त्याच्याच प्रश्नाला भिऊन.

विद्यापीठात कम्प्युटर नव्हते असं नाही. नव्वदीनंतर ते आले, त्यांत संशोधनाच्या नोंदी करायची एक व्यवस्थाही आली. पण वरच्या विभागाचं वरच दिसायचं, खालच्याचं खाली. सुनंदानं कागद पिशवीत भरले. “जाते सर गावाकडं. लग्न तरी येळेवर होईल.” मल्ल्या जिन्याकडं वळला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. येताना नसरीनला घेऊन आला आणि दोघींना पायरीवर शेजारी बसवलं. अर्धा दिवस वाद झाला. शेवटी ठरलं की, गेलेल्यांचं नसरीननं लिहायचं, राहिलेल्यांचं सुनंदानं. सुनंदाचं निम्मं काम पाण्यात गेलं, निम्मं वाचलं. मग हा खजुरीला गेला आणि तिच्या बापाला बोलत-बोलत शिवारभर फिरवत राहिला. बाप इतका दमला की त्यानं बांधावर बसून आणखी एक वर्ष कबूल केलं.

तरी मल्ल्याला चैन नव्हतं. नोंदींची व्यवस्था बदला म्हणून तो वर्षभर कुलगुरूसाहेबांच्या मागं लागला. बैठकीत कोणी म्हणालं, आहेत की कम्प्युटर, अजून काय पाहिजे? कोणाला आधी गेटवर कमान हवी होती. मल्ल्यानं दोघींना आत बोलावलं आणि आपापले प्रश्न आळीपाळीनं वाचायला लावले. सुनंदा एक वाचायची, नसरीन तोच वाचायची. आधी सगळे हसले. मग हसणं थांबलं… पण वाचणं थांबेना.

“गावातली माणसं आपल्याला कटाळलीत, साहेब,” मल्ल्या म्हणाला. “आन् पोरींची वर्षं जायलीत. मधे एकच जिना हाय. तेवढा जिना मला कम्प्युटरात घालून द्या.”

रेंगाळत का होईना, नवी व्यवस्था आली. कोण, कशावर, कुठल्या गावात, सगळं सगळ्यांना दिसायला लागलं. विद्यापीठाच्या तपासणीचं पथक आलं की माहिती गोळा करायची जी धावपळ उडायची तीही थांबली. कमान अजून व्हायची आहे. मल्ल्याची मात्र एक अट होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, अकरा वाजता, प्रत्येकाच्या मोबाइलवर आपोआप एक मेसेज जायला पाहिजे. मजकूर त्याचाच: ‘काय चालू हाय? नोंदवा. बंडगर.’ आता मागच्या दाराचाही उपयोग उरला नाही. आम्ही मनसोक्त शिव्या दिल्या, आणि नोंदी केल्या.

त्याची शोकसभा नेमकी पहिल्या तारखेला ठेवली गेली. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. भाषणं झाली, साहेबांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज… आणि सगळ्यांचे खिसे एकदम वाजले. कोणाची हात घालायची हिंमत होईना. पुढच्या रांगेत सुनंदा उभी होती. ती आता त्याच्याच विभागात शिकवते, आणि चिंताकीवरच्या तिच्या नव्या कामाचं त्यानं जाईपर्यंत रोज जिन्यात विचारलं होतं. तिनं पर्समधून फोन काढला, वाचला, आणि त्या शांततेत, दाराकडं बघत, मोठ्यानं म्हणाली,

“लिहायले की, सर… जरा दम धरा.”