गुंजननं मोडलेलं हाड

देवरीला हायवेच्या कडेला हेमेंद्र बिसेनचं दुचाकीचं वर्कशॉप आहे. त्याची धाकटी बहीण गुंजन धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फिरवायची आणि दुपारी भावाच्या वर्कशॉपवर यायची. दुरुस्त झालेली गाडी ट्रायलला न्यायची ती तिनंच. गाडी किती पळते हे तिच्याकडून कळलं की हेमेंद्रला पुढचं काम सुचायचं.

दोघांनी मिळून एक मोठी जुनी जपानी मोटारसायकल उभी केली. जिल्ह्यातल्या एका बंद कारखान्याची खासगी धावपट्टी होती. रायपूर-नागपूरकडची हौशी मंडळी हिवाळ्यात ती भाड्यानं घेऊन तिथं वेग मोजायची. एकेकानं सुटायचं, सरळ जायचं, आणि शेवटच्या टप्प्यात यंत्र आकडा दाखवायचं. गुंजनचा आकडा दोन वर्षं कुणाला गाठता आला नाही.

तिसऱ्या वर्षी ती पडली.

धावपट्टीच्या उजव्या अंगाला सागाची झाडं आहेत. ती संपतात तिथं दरेकशाच्या डोंगराकडून वारा आडवा घुसतो. ताशी अडीचशेच्या आसपास असताना त्या वाऱ्यानं तिला थप्पड मारली. पुढचं चाक हललं, आणि हँडल तिच्या हातात डावी-उजवीकडे इतक्या जोरात आपटू लागलं की दोन्ही अंगठे तिथंच मोडले. मग गाडी खालून निघून गेली. गुंजन पाठीवर घसरत गेली. चामड्याचा सूट घासून फाटला, त्याखाली मांडीचं कातडं सोललं. ती थांबेचना. कडेला जुन्या दिव्याचा लोखंडी खुंट होता, त्यात डावा पाय अडकला आणि शरीर पुढं गेलं. गाडी तिच्यापुढं कोलांट्या घेत वाळूच्या पोत्यांवर जाऊन फुटली.

नागपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

हेमेंद्र दवाखान्यात तिच्या उशाशी रडला, आणि घरी येऊन गाडीचे तुकडे गोळा करायला लागला. पावसाळाभर वर्कशॉपच्या मागच्या खोलीत वेल्डिंग चाललं. गुंजन नकली पाय लावून, कुबडीच्या आधारानं दारात आली तेव्हा गाडी पुन्हा उभी होती.

"कोण चालवणार हे?"

"मी," हेमेंद्र म्हणाला. "हँडलचे झटके दाबाले नवा डँपर लावला. आता नाही हलत."

"हँडल नाही रे, वारा होता."

"तू पडली म्हणून गाडी खराब नाही होत, गुंजन. तुहा आकडा मले तोडाचा आहे. तुह्यासाठीच."

"माह्यासाठी काऊन? मी म्हटलं का तुले?"

त्यानं पाना उचलला आणि बोल्ट आवळायला लागला.

जानेवारीतल्या त्या सकाळी ती त्याच्याबरोबर धावपट्टीवर गेली. तिनं झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. शेंडे वाकत होते. आयोजक म्हणत होते, वारा आहे पण चालेल, ज्याला जायचं त्यानं आपल्या जबाबदारीवर जावं. हेमेंद्र सूटची चेन ओढत होता.

"दादा, आज नको जाऊ."

"बाजूले हो."

"मी पाया पडते तुह्या. तो वारा मी खाल्ला आहे."

"तू भिऊन राहिली, मी नाही!" असं म्हणून त्यानं तिला ढकललं. ती नकली पायावरून कोसळली, आणि तो गाडीकडे वळला. गुंजन उठली. दोन्ही हातांनी कुबडी उचलली आणि जीव खाऊन त्याच्या खांद्यावर हाणली. एकदा, मग परत. दुसऱ्या फटक्याला गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हेमेंद्र गुडघ्यांवर बसला. लोकांनी तिला धरलं, एकानं मुस्काटात मारली. तिचा ओठ फुटला. पण भाऊ आता हँडल धरू शकणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

हेमेंद्रचा हात गळ्यात बांधला गेला. वेदनेनं त्याचे डोळे पांढरे होत होते, तरी तो ओरडला, "धर्मेंद्र, तू ने गाडी! दाखव इले!"

धर्मेंद्र आमगावचा, राइस मिलवर ट्रक चालवणारा; तोही दरवर्षी इथं वेग मोजायला यायचा. उमदा माणूस. गुंजन त्याच्यापुढंही गेली.

"भाऊ, नको जाऊ. त्या झाडांपुढं वारा मारते."

तो हसला. "क्या ताई, अब मले पण मारता का?"

सगळे हसले. तिची कुबडी लोकांनी काढून घेतली होती.

धर्मेंद्रची पहिली फेरी सुखरूप झाली. आकडा गुंजनपेक्षा मोठा आला. टाळ्या पडल्या. हेमेंद्र बहिणीकडे पाहून थुंकला. गुंजनलाही क्षणभर वाटलं, आपणच येडे झालो.

दुसऱ्या फेरीत झाडं संपली तिथं गाडी एका बाजूनं उचलली गेली. हँडल हललं नाही, डँपरनं काम केलं. अख्खी गाडीच आडवी सरकून धावपट्टीबाहेर गेली आणि सिमेंटच्या नालीवर आदळली. टाकी फुटून जाळ उठला. धर्मेंद्र त्या जाळावरून पुढं फेकला गेला आणि डोक्यावर पडला.

गुंजन लंगडत, पडत-धडपडत पोचली. लोक हेल्मेट ओढायला निघाले तेव्हा ती किंचाळली, "हात नका लावू!" हेल्मेटच्या काचेआतून रक्त भरून येत होतं. छातीची एक बाजू बसली होती. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं. त्याचा हात वर आला आणि त्यानं तिचा अंगठा मुठीत धरला. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचा श्वास घरघरला, मग थांबला.

तेरवी झाल्यावर ती आमगावला धर्मेंद्रच्या बायकोकडे, रीताकडे गेली. घडलं ते सगळं सांगितलं. भावाला मारलं हेसुद्धा.

रीता ऐकत होती. मग हातातला पाण्याचा पितळी गडवा तिनं गुंजनवर फेकला. कपाळ फुटलं.

"तुह्या भावाचं हाड मोडलं तू," रीता ओरडली. "माह्या नवऱ्याचं काऊन नाही मोडलं?"

 पदरानं रक्त दाबून गुंजन बसून राहिली.

धावपट्टी बंद झाली. गाडीचा उरलेला सांगाडा हेमेंद्रनं एका हातानं गॅसकटर धरून कापला. हाड वाकडं जुळलंय. तो बहिणीशी बोलतो, पण त्या सकाळबद्दल नाही. एकदाच, जेवताना, तो म्हणाला, "मीच म्हटलं होतं त्याले, ने म्हणून." गुंजननं त्याला भात वाढला.

ती दर महिन्याला आमगावला जाते. पहिल्यांदा रीतानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उंबऱ्यात बसू दिलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "शेवटी काही बोलले का ते?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," गुंजन म्हणाली. "बोलता येत नव्हतं. पण माहा अंगठा धरला होता त्यायनं."

रीतानं तिचा हात ओढून घेतला आणि तो वाकडा जुळलेला अंगठा पाहत राहिली.