रिव्हॉल्व्हर घ्यावं की ऑटोमॅटिक

त्या वर्षी अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या घरात वरणभातापेक्षा पिस्तुलांची चर्चाच जास्त शिजली. खनिज तेलाचे भाव पडले, आमच्या ह्यांची तेल कंपनीतली इंजिनीअरची नोकरी गेली, आणि एका ओळखीच्या काकांचं गॅस स्टेशनवरचं, म्हणजे पेट्रोल पंपावरचं, दुकान हे सांभाळायला लागले. दिवसभर एकटे. थोड्याच दिवसांत पलीकडच्या चौकातल्या दुकानावर भरदुपारी दरोडा पडला आणि गल्ल्यावरच्या माणसाच्या खांद्यात गोळी घुसली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन वाजला की धावत जायची, नाही वाजला तर मीच दुकानात लावायची.

ह्यांनी ठरवलं, हत्यार ठेवायचं. शर्टाखाली, कमरेला, कुणाला दिसणार नाही असं. आणि ठरवलं म्हणजे काय, मिक्सर घेतानासुद्धा गावातली दुकानं पालथी घालणारा माणूस! मासिकं आणली, फूटपट्टी काढली. मी पोळ्या लाटतेय आणि हे शेजारी उभे राहून वाचून दाखवतायत, "अगं, ऑटोमॅटिक चपटं असतं, शर्टाखाली कळतसुद्धा नाही. गोळ्याही जास्त बसतात."

रविवारी जेवायला येणारे मूळचे नागपूरचे एक भाऊजी, ह्यांचे कॉलेजातले मित्र, ते रिव्हॉल्व्हरच्या बाजूचे. "वहिनी, तुम्हीच समजवा ह्याला. रिव्हॉल्व्हर म्हणजे प्रेशर कुकर, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. चाप ओढला की काम झालं. ते ऑटोमॅटिक आधी खेचा, मग खटका बघा, आणि अडकलं की बसा बोंबलत!"

"अरे यार, पण रिव्हॉल्व्हरचं पोट बघ केवढं," हे म्हणायचे. "बुशशर्टातून बाहेर येतं. आणि गोळ्या पाचच."

"पाचांत नाही भागलं तर पंधरांत काय दिवे लावणार आहेस?"

दोघं हसायचे. मला मेलीला कुठलं हसू येतंय! ह्यांनी संध्याकाळी धडपणे घरी यावं, एवढंच मला हवं होतं, आणि इथे जाडी मोजणं चाललं होतं.

शेवटी बंदुकांच्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं माझ्याही हातात एक ऑटोमॅटिक दिलं. त्याचा वरचा भाग मागे खेचायचा असतो, तो माझ्याच्यानं तसूभर हलेना. रिव्हॉल्व्हर मात्र हातात नीट बसलं. "हेच घ्या," मी म्हटलं. पण ऐकतील तर शपथ! चपटं ऑटोमॅटिकच घरी आलं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे पूजेला शस्त्रं म्हणजे विळी, सुऱ्या, स्क्रूड्रायव्हर आणि ह्यांचा कॅल्क्युलेटर. त्या वर्षी खरंखुरं शस्त्र होतं. ह्यांनी त्यातल्या गोळ्या काढल्या, आत काही राहिलं नाही हे दिसावं म्हणून वरचा भाग मागे खेचून तसाच उघडा अडकवला, आणि ते पाटावर ठेवलं. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मूठभर अक्षता टाकल्या. मनात म्हटलं, बाई गं, तुला जे हवं ते घे, पण ह्यांना सांभाळ. लेक दारातून बघत होती. "आई, आर वी प्रेइंग टू अ गन?" तिनं विचारलं. "नमस्कार कर," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

हे वरवर पुसून ते घेऊन कामावर गेले. नळीत गोळी चढवून ठेवायची नाही, गरज पडली तरच खेचायचं, असा ह्यांचा नियम होता. असे कित्येक दिवस गेले. मग एका शनिवारी भाऊजींबरोबर नेमबाजीच्या सरावाला गेले, खेचलं, आणि गोळी अर्ध्यात अडकली. काही केल्या पुढे जाईना. तिथल्या माणसानं ते उघडलं तर आत तांदूळ! लाल झालेले, तेलाला चिकटलेले.

"इज धिस ब्लड?" त्यानं विचारलं म्हणे.

"नो सर. रिलिजन," भाऊजी म्हणाले.

घरी आल्यावर हे एवढे भडकले, "तुझी पूजा माझ्या जिवावर उठली असती!" मीही ऐकून घेणारी नव्हे. "आणि ते उघडं कुणी ठेवलं होतं? साधं पुसता येत नाही, निघाले लढाईला!" मी म्हटलं खरं, पण मनातल्या मनात दिवस मोजत होते. इतके दिवस हा माणूस बंद पडलेलं हत्यार बांधून तिथे उभा होता, आणि मी घरी निवांत होते की आता काळजी नाही.

ऑटोमॅटिक गेलं, रिव्हॉल्व्हर आलं. बुशशर्ट एका बाजूनं फुगायचा. मी रोज सकाळी विचारायची, "घेतलंत ना?" हे कमरेवर थाप मारून दाखवायचे. तरी माझा जीव काही भांड्यात पडेना.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. हे दुपारीच घरी आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसले. "आला होता एक जण," म्हणाले. "पिस्तूल होतं त्याच्याकडे. गल्ला दिला, गेला."

मी ह्यांना सगळीकडे चाचपून बघितलं. कुठे काही लागलं नव्हतं. "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"अहो, कमरेला आहे ते!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली, स्वतःच्या कमरेकडे. "अगं," म्हणाले, "आहे हे आठवलंच नाही." आणि वर सांगतात कसे, "जाताना त्याला मी हॅव अ नाइस डे म्हटलं."

मला हसू फुटलं. इतकं, की भिंतीला टेकावं लागलं. हेही हसले. हसता हसता पट्टा सोडायला लागले, तर रोजचंच बक्कल, पण ह्यांना काही केल्या सुटेना. मी खाली बसले आणि तो सोडला.